रात्री मिटणारी वेस : घोरणे, श्वासरोध आणि दंतवैद्य

कारंजा लाडच्या जुन्या वस्तीतला पत्ता सांगताना दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही नावे आजही सहज ओठांवर येतात. तटबंदीच्या गावांचा काळ असा होता की, दिवस मावळल्यावर वेशीचे दरवाजे लागले म्हणजे उशिरा पोहोचलेल्या वाटसरूसाठी कोणीतरी जागे होऊन अडसर काढीपर्यंत त्याला बाहेर तिष्ठत राहावे लागे. मनुष्याच्या घशातही अशीच एक वेस आहे. जिभेचे मूळ, पडजीभ आणि मऊ टाळू यांच्या मागची ती अरुंद वाट दिवसा खुली असते; परंतु निद्रेत स्नायू सैल पडले म्हणजे कित्येकांच्या बाबतीत ती मिटते, श्वास बाहेर तिष्ठतो, आणि मेंदूला अर्धवट जागे होऊन अडसर काढावा लागतो. वैद्यकात या विकाराला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. आपण त्याला निद्रेतील श्वासरोध म्हणू.

वैशाखाच्या उकाड्यात गच्चीवर बाजा टाकून निजण्याचा प्रघात आपल्या वऱ्हाडात अद्याप आहे, आणि अशा रात्री हा विकार ज्याला ओळखावयाचा असेल त्याने केवळ कान द्यावा. शेजारच्या बाजेवरचे घोरणे चढत चढत जाते आणि एकाएकी तुटते. आवाज नाही, श्वास नाही. छाती व पोट मात्र हलत असतात, कारण आतली धडपड चालूच असते. दहा, पंधरा, वीस सेकंद जातात. मग देह आचका देतो, घुसमटल्यासारखा एक मोठा श्वास आत ओढला जातो, आणि घोरणे पुन्हा सुरू होते. त्या इसमाला सकाळी यातले काही आठवत नाही. आठवते ते त्याच्या शेजारी जागत पडलेल्या पत्नीला; म्हणून या मामल्यातील पहिली साक्ष तिची असते, आणि ती सहसा कोणी नोंदवून घेत नाही.

या विकाराविषयी घरोघरी जे समज रूढ आहेत, त्यांची रुजुवात येथे करावयाची आहे. त्यातही दंतवैद्याच्या वाट्याला येणारे काम कोणते आणि ते कोठवर जाते, हे विशेषेकरून सांगावयाचे आहे. कारण त्या कामाचे मोल आपण एक तर शून्य धरतो, नाही तर नको तितके धरतो.

गैरसमज १ : घोरणे म्हणजे गाढ झोप

‘कसा ढाराढूर झोपला आहे’ असे आपण कौतुकाने म्हणतो, पण घोरणे हा अरुंद वाटेतून ओढल्या जाणाऱ्या हवेने थरथरणाऱ्या टाळूचा आवाज आहे. तो सुखनिद्रेचा दाखला नव्हे. प्रत्येक घोरणाऱ्याला श्वासरोध असतोच असे नाही, हे खरे. परंतु घोरण्यात खंड पडत असेल, घुसमट होत असेल, तर चौकशी अगत्याची होते.

श्वास निदान दहा सेकंद थांबला की त्याची एक घटना धरतात, आणि श्वास पुरता न थांबता लक्षणीय उथळ झाला तर तीही मोजतात. तासाला अशा पाचांहून कमी घटना असतील तर त्या स्वाभाविक. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० किंवा अधिक म्हणजे तीव्र विकार, अशी प्रतवारी आहे. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा श्वासाची कोंडी. प्रत्येक वेळी रक्तातील प्राणवायू घटतो, हृदयाची धडधड आणि रक्तदाब उसळतो, आणि निद्रेचा धागा तुटतो. गोळ्या चालू असूनही न आवरणारा रक्तदाब, सकाळची डोकेदुखी, कोरडे पडलेले तोंड, रात्री वारंवार लघवीसाठी उठणे, चिडचिड आणि विस्मरण या निरनिराळ्या वाटणाऱ्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा या एकाच ठिकाणी असते. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले होते.

गैरसमज २ : हा लठ्ठ, शहरी पुरुषांचा रोग आहे

मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत १९.५ टक्के पुरुषांत निद्रेतील श्वासाचा बिघाड आढळला, आणि ७.५ टक्क्यांत त्याच्या जोडीला दिवसाची अनावर पेंगही होती. हे लोक रोगी म्हणून आलेले नव्हते, नेहमीच्या आरोग्य-तपासणीसाठी आलेले होते. पाहणी शहरातली होती याचा अर्थ रोग शहरातच राहतो असा नव्हे. खेड्यापाड्यांत तो मोजला जात नाही, एवढेच.

मेद हे मोठे कारण खरेच. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील प्रदीर्घ पाहणीत वजन १० टक्क्यांनी वाढले तर श्वासरोधाच्या घटना सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतात आणि तितकेच घटले तर सुमारे २६ टक्क्यांनी कमी होतात, असे आढळले. म्हणून वजन उतरविणे हा इलाजाचा पाया आहे. परंतु ज्याचा खालचा जबडा आखूड किंवा मागे सरलेला आहे, ज्याची टाळू अरुंद आणि उंच आहे, अशा सडपातळ माणसाचीही वेस रात्री मिटू शकते, कारण तेथे वाटच मुळात सांकडी असते. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर हा धोका वाढतो, आणि त्यांची तक्रार बहुधा घोरण्याची नसते. थकवा, झोप न लागणे, उदासपणा अशी असते. परिणामी त्यांचा विकार अधिक काळ दडून राहतो.

गैरसमज ३ : दंतवैद्याचा झोपेशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. पहिला पाहण्याचा. डॉक्टरकडे आपण तोंड क्षणभर उघडतो, पण दंतवैद्याच्या खुर्चीत अर्धा तास उघडे ठेवतो. रात्री दात खाल्ल्याने झिजलेल्या दाढा, जिभेच्या कडेला उमटलेले दातांचे ठसे, वाढलेले टॉन्सिल, मागे सरलेली हनुवटी ही चिन्हे त्याच्या नजरेस सहज पडतात. तोंड उघडून जीभ बाहेर काढल्यावर पडजीभ किती दिसते यावरून घशाच्या अरुंदपणाची प्रतवारी करण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती मूळच्या भारतीय असलेल्या डॉ. शेषगिरी मल्लंपाटी या भूलतज्ज्ञांनी १९८५ साली मांडली.

दुसरा संबंध इलाजाचा. जीभ खालच्या जबड्याला आतून बांधलेली आहे. जबडा पुढे आणला की जिभेचे मूळही पुढे येते आणि तिच्या मागची वाट मोकळी होते. पॅरिसचे मुखरोगतज्ज्ञ पिएर रोबँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच, आखूड जबड्यामुळे श्वास कोंडणाऱ्या बालकांसाठी, या तत्त्वावर साधन वापरले होते. आजचे साधन म्हणजे वरच्या आणि खालच्या दातांवर बसणाऱ्या, एकमेकींना जोडलेल्या दोन पट्ट्या. ते तयार होताना पाहिले तर त्यातील बारकाई कळते. दंतवैद्य ओल्या लगद्याने भरलेला साचा दातांवर दाबून धरतो, लगदा घट्ट झाला की माप निघते. मग रुग्णास जबडा जमेल तितका पुढे काढावयास सांगून तो पल्ला मिलिमीटरमध्ये मोजतो, आणि बहुधा त्याच्या निम्म्याच्या आसपास जबडा धरून मेणावर चाव्याची खूण घेतो. पुढे काही आठवडे, लक्षणे पाहत, साधन मिलिमीटरच्या अंशांनी पुढे सरकविले जाते. जबडा एकदम ओढला तर सांधा दुखतो. फार कमी ओढला तर वाट उघडत नाही. या दोहोंमधला बिंदू शोधणे हेच त्याचे कसब होय.

गैरसमज ४ : दंतवैद्याने सांगितले की निदान झाले

नाही. चिन्हे पाहून शंका घ्यावी, निदान करू नये, ही दंतवैद्याची मर्यादा आहे आणि जाणता दंतवैद्य ती स्वतःच पाळतो. निदान होते ते झोपेच्या चाचणीने. रुग्णालयात रात्रभर मेंदू, श्वास, हृदय आणि प्राणवायू यांची नोंद घेतात, किंवा योग्य रुग्णास बोटाला, नाकाला आणि छातीला लावावयाचे छोटे यंत्र घरी देतात. अहवालाचा अर्थ लावणे हे त्या विषयातील डॉक्टरचे काम. निद्रावैद्यक आणि दंत-निद्रावैद्यक यांतील अमेरिकन संस्थांनी २०१५ साली मिळून जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचाही आशय हाच आहे : ज्यांना हवेच्या दाबाचे यंत्र सोसत नाही किंवा नको आहे अशा प्रौढांसाठी मुखातील साधन जरूर वापरावे, परंतु ते माप घेऊन बनविलेले आणि पुढे-मागे सरकविता येणारे असावे, आणि ते लावून पुन्हा चाचणी करावी.

ही शेवटची अट सर्वाधिक विसरली जाते. घोरणे थांबले म्हणजे श्वासरोध थांबला, असे नव्हे. गरम पाण्यात मऊ करून चावावयाच्या तयार पट्ट्या बाजारात मिळतात. त्या आवाज झाकतील आणि रोग तसाच ठेवतील, हा धोका राहतो. शिवाय ज्यांचे दात थोडेच उरले आहेत, हिरड्या सैल आहेत किंवा जबड्याचा सांधा दुखतो, त्यांना हे साधन सहसा मानवत नाही. ज्यांना ते मानवते त्यांनाही आरंभी लाळ सुटणे, सकाळी दात नीट न जुळणे असा त्रास होतो, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने दातांची ठेवण किंचित बदलू शकते. म्हणून तपासणी अखंड चालू ठेवावी लागते.

गैरसमज ५ : मशीन लावले म्हणजे ऑक्सिजनवर गेला

सीपॅप, म्हणजेच वर उल्लेखिलेले हवेच्या दाबाचे यंत्र, ऑक्सिजनचे नव्हे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे ठेवलेले हे साधन खोलीतलीच हवा मुखवट्यावाटे सौम्य दाबाने घशात सोडते, आणि त्या दाबाने वेस उघडी राहते. तीव्र विकारात आजही पहिली पसंती यालाच आहे, कारण श्वासरोधाच्या घटना ते मुखातील साधनापेक्षा अधिक घटविते. परंतु कपाटात ठेवलेले यंत्र काहीच करीत नाही, आणि मुखातील साधन लोक अधिक तास लावतात. सौम्य व मध्यम विकारात ते तोलामोलाचे ठरते, ते यामुळेच. यंत्राची ‘सवय लागते’ ही भीतीही निराधार आहे. चष्म्याने डोळ्यांना सवय लागत नाही, दिसू मात्र लागते. तसेच हे आहे.

गैरसमज ६ : पोर खेळून दमले, म्हणून घोरते

रोज रात्री घोरणारे, तोंड उघडे टाकून निजणारे, मान मागे टाकून श्वास घेणारे मूल दमलेले नसते, अडलेले असते. टॉन्सिल आणि नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ हे लहानपणीचे मुख्य कारण. मोठी माणसे पेंगतात, मुले उलट चुळबुळी आणि हट्टी होतात, अभ्यासात मागे पडतात, काही वेळा अंथरूण ओले करतात. आणि आपण त्यांना शिक्षा करतो. अशा मुलास आधी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. टाळू फार अरुंद असेल तर वाढत्या वयात ती रुंद करण्याचा इलाज दंतवैद्याकडे आहे.

गैरसमज ७ : दोन घोट किंवा एक गोळी घेतली की झोप छान लागते

मद्य आणि कित्येक झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू अधिक सैल करतात आणि मेंदूची जाग मंद करतात; म्हणजे वेस अधिक घट्ट मिटते आणि अडसर काढणाराही झोपी जातो. दुसऱ्या दिवशीची पेंग मग वयावर किंवा जेवणावर ढकलली जाते. कारंज्याजवळून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरच्या त्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हाती असताना येणारी डुलकी ही केवळ त्या चालकाची खाजगी बाब राहत नाही.

तेव्हा वाचकांस विनंती इतकीच की, घरात कोणी घोरत असेल तर आज रात्री दहा मिनिटे घड्याळ घेऊन बसावे, श्वास थांबतो काय ते पाहावे आणि थांबत असेल तर मोबाईलवर त्याचे चित्रण करावे. ते घेऊन, आणि रात्र ज्याने पाहिली त्या माणसालाही बरोबर घेऊन, डॉक्टरकडे जावे आणि झोपेच्या चाचणीविषयी विचारावे. अकोला आणि यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, नागपुरास शासकीय दंत महाविद्यालय आहे. पुढच्या वेळी दात दाखवावयास जाल तेव्हा दंतवैद्यालाही सांगावे की, मी घोरतो. हे दोन शब्द लाजेचे नाहीत. योग्य वेळी उच्चारले तर ते आयुष्य वाचवू शकतात.