स्टेशन आणि जंक्शन

नांदगावच्या फलाटावरील पिवळ्या पाटीवर नुसते 'नांदगाव' लिहिलेले असते. पश्चिमेला मनमाड आणि पूर्वेला चाळीसगाव, या दोन्ही नावांना मात्र 'जंक्शन' अशी शेपटी आहे. आपण सहज म्हणून जातो, "मोठं स्टेशन म्हणजे जंक्शन." पण तसं नाही बरं का! मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस केवढे थोरले. परंतु ते जंक्शन नव्हे. तिथे रूळ संपतात. दौंड त्या मानाने लहान गाव, पण ते जंक्शन.

स्टेशन हा शब्द लॅटिनमधील 'उभे राहणे' या अर्थाच्या धातूपासून आला. आपला संस्कृत 'स्था' हा त्याचा भाऊबंद. त्यातूनच स्थान, त्यातूनच ठाणे. म्हणून पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणे म्हणतो, ते अगदी नेमके आहे. १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडीसुद्धा ठाण्यालाच गेली, ही एक गंमत! खेड्यातला माणूस 'ठेसन' म्हणतो तेव्हा आपण हसतो. पण तो 'ठ' लावून शब्दाला त्याच्या भाऊबंदांतच नेऊन बसवतो.

जंक्शनचे मूळ 'जोडणे'. संस्कृतातील 'युज्', आपला 'योग', आणि बैलांच्या मानेवरचे जू, ही सारी त्याच कुळातली. तेव्हा गाडी जिथे उभी राहते ते स्टेशन, आणि वेगवेगळ्या वाटांचे रूळ जिथे जोडले जातात ते जंक्शन.

व्यवहारात हा भेद प्रश्नावरून ओळखावा. नांदगावला माणूस विचारतो, "गाडी आली का?" मनमाडला विचारावे लागते, "कोणती गाडी आली?" नांदगावहून गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे? मनमाडकडे, नाहीतर चाळीसगावकडे. मनमाडला मात्र मुंबईची, भुसावळची, दौंडची आणि छत्रपती संभाजीनगरची, अशा चार वाटा. घाईत भलत्याच डब्यात चढलात, तर नांदगावऐवजी दौंडच्या वाटेला लागाल!

आणखी एक पाहा. इंग्रजाला अशा जागी जोडणे दिसले. आपल्याला फाटणे दिसते. रस्ता जिथे वेगळा होतो त्या जागेला आपण 'फाटा' म्हणतो. जागा तीच, नजर निराळी. नांदगावकराला आपलाच शब्द अधिक पटावा, असा इतिहास आहे. एके काळी वेरूळची लेणी पाहायला निघालेला प्रवासी नांदगावला उतरे आणि टांग्याने पुढे जाई. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून पन्नास मैलांहून अधिक. तरी तिकडची वाट नांदगावावरूनच होती. टांगेवाल्याला भाडे मिळे, घोड्याला चंदी मिळे. मनमाडला दौंडचा मार्ग १८७८ मध्येच येऊन मिळाला होता. पुढे १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून हैदराबादकडे जाणारी लोहमार्गाची वाट मनमाडहून सुरू झाली, आणि औरंगाबादचा उतारू नांदगावला उतरेनासा झाला. तिकडे जोडले गेले, इकडे फाटले.

कचेरीचा मान मात्र नांदगावकडेच राहिला. जंक्शन असलेले मनमाड आजही नांदगाव तालुक्यातच मोडते. तालुक्याच्या कचेरीत काम असेल, तर मनमाडकराला नांदगावलाच यावे लागते. आणि नांदगावच्या माणसाला रेल्वेने वेरूळच्या बाजूला जायचे असेल, तर लेणी आग्नेयेला असूनही त्याने आधी पश्चिमेची गाडी धरून मनमाड गाठायचे, आणि तिथे उतरून विचारायचे, "कोणती गाडी आली?"