देश सोडून कोंकणांत

मराठींत ‘देश’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक राष्ट्र, दुसरा सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठार. भोर व वेल्हे येथील घाटमाथा म्हणजे देश आणि कोंकण या दोन मुलखांमधली सीमा. ती ओलांडून पूर्वेच्या कोरड्या भागांतले मेंढपाळ धनगर दरवर्षीं देशांतर करतात. दिवाळीच्या सुमारास त्यांचे कळप भोरवरून वरंधा घाटानें महाडकडे, समुद्राच्या बाजूस उतरतात.

हें एकट्या पुरुषांचें जाणें नव्हे. सारें बिऱ्हाडच निघतें. घोड्यांच्या पाठीवर भांडीं, अंथरुणें, कोंबड्या, नुकतीं जन्मलेलीं कोंकरें आणि कधीं लहान मुलेंहि असतात. राखणीचीं कुत्रीं कळपाबरोबर चालतात. मुक्कामीं वाडा मांडण्याचें व चूल पेटविण्याचें काम स्त्रियांचें.

या प्रवासाचें मूळ पावसांत आहे. दिवाळीनंतर देशावरचें गवत सुकूं लागतें. कोंकणांत त्याच वेळीं भातकापणी होऊन खाचरें मोकळीं होतात. रात्रीं शेतांत मेंढरें बसविलीं कीं लेंडीखत मिळतें. त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. मात्र दक्खनी मेंढीस कोंकणचा पाऊस सोसत नाहीं. चिखलानें खूर कुजतात. म्हणून मृगापूर्वीं परतणें भागच असतें.

आतां हा व्यवहार अवघड झाला आहे. रासायनिक खतानें लेंडीची गरज घटली, कुंपणांनीं वाटा अडविल्या, रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढली. मुलांना शाळेसाठीं मागें ठेवावें, तर बिऱ्हाड दुभंगतें. बरोबर न्यावें, तर शाळा सुटते. दर दिवाळीला घराघरांत हाच प्रश्न नव्यानें उभा राहतो.