मनोविकारावरील औषधे आणि तोंडाची आग

१९५२ साली पॅरिस येथे जाँ दले व पियेर देनिकेर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मनोरुग्णांवर यशस्वी उपयोग केला. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामीन हे औषध उदासीनतेच्या विकारावर गुणकारी असल्याचे दाखवून दिले. अशा औषधांमुळे असंख्य रुग्ण आपल्या घरी व कामधंद्यावर परतू शकले. तथापि या उपचारांतील एक अडचण बहुधा दुर्लक्षितच राहते. ती म्हणजे तोंड सतत कोरडे पडणे आणि त्यातून उद्भवणारी वेदना.

लाळेचे कार्य

निरोगी माणसाच्या तोंडात दररोज सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती घास ओला करते, आम्लाचा परिणाम सौम्य करून दातांचे रक्षण करते आणि जंतूंना आळा घालते. लाळग्रंथींना मज्जातंतूंकडून मिळणारा संदेश अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्यामार्फत पोहोचतो. अमिट्रिप्टिलीन, क्लोरप्रोमाझिन, तसेच हातापायांचा कंप कमी करण्यासाठी दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल ही औषधे या संदेशात अडथळा आणतात. परिणामी लाळ आटते; जिभेची आग होते, तिखट सोसत नाही, भाकरीचा घास गिळवत नाही. दात झपाट्याने किडतात, तोंडात बुरशी वाढते, कवळी टोचू लागते.

खरा धोका

या त्रासाला कंटाळून रुग्ण परस्पर गोळ्या बंद करतो. घरच्यांना त्यात हट्ट दिसतो. रुग्णाची तक्रार हाही आजाराचाच भाग समजला जातो. काही काळाने मूळ विकार पुन्हा उसळतो व आधीचे सारे श्रम वाया जातात. म्हणून तोंडाची तक्रार क्षुल्लक मानून चालणार नाही.

उपाय

औषध बंद न करता प्रथम डॉक्टरांना त्रास सांगावा. मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे पुष्कळदा शक्य असते; तो निर्णय मात्र डॉक्टरांचाच असावा. दिवसभर पाण्याचे लहान घोट घ्यावेत. कोरड पडली म्हणून खडीसाखर, गोळ्या किंवा गोड सरबत यांचा आधार घेऊ नये. त्यामुळे दात अधिकच किडतात. तंबाखू, मिश्री व सुपारी वर्ज्य करावी. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा दात घासावेत आणि दंतवैद्यास चालू औषधांची चिठ्ठी दाखवावी.

गावाची जबाबदारी

१९९६ पासून राबविण्यात येत असलेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे जिल्हा पातळीवर उपचारांची सोय झाली आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस सेवेतून विनामूल्य सल्लाही मिळतो. पंचायत सदस्य, शिक्षक आणि आरोग्यसेवक यांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. रुग्णास "गोळ्या घेतल्यास का?" असे विचारताना "जेवण नीट जाते का?" हेही विचारले जावे. या एका प्रश्नाने त्रास वेळीच ध्यानात येईल आणि उपचारात खंड पडणार नाही.