ग्रहण, गर्भ आणि मेंदूतील पेशींचा प्रवास

मुलाला आकडी येऊ लागली किंवा त्याची बौद्धिक वाढ मंद दिसली की गरोदरपणी आईने ग्रहण पाळले होते का, ग्रहणात विळी हातात घेतली होती का, अशी विचारणा सातारा-सांगलीकडे आजही होते. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यातही ती थांबलेली नाही आणि दोष दर वेळी आईच्याच माथी मारला जातो, हे संतापजनक आहे.

अशा विकारांचे एक खरे कारण मेंदूच्या घडणीत असते. गर्भाच्या मेंदूतील चेतापेशी आतल्या द्रवभरल्या पोकळ्यांच्या भिंतीलगत जन्मतात आणि मुख्यतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, मांडवावर वेल चढावा तशा, लांब तंतूंच्या आधारपेशींना धरून बाहेरच्या थराकडे, म्हणजे बाह्यकाकडे, सरकतात. ही वाट पास्को राकिच यांनी 1972 मध्ये उलगडली. हा प्रवास घडवणाऱ्या जनुकांत बिघाड झाला तर पेशी वाटेतच अडकतात. 1993 मध्ये ओळखल्या गेलेल्या लिस-1 जनुकातील दोषामुळे मेंदूला वळ्या पडत नाहीत (या विकाराला लिसेन्सेफली म्हणतात), आणि हा दोष बहुधा आईवडिलांपैकी कोणातही नसतो, तो गर्भातच नव्याने उद्भवलेला असतो. एक्स गुणसूत्रावरील डबलकॉर्टिन जनुक बिघडल्यास मुलग्यांत लिसेन्सेफली होते, तर मुलींत बहुधा बाह्यकाखाली पेशींचा दुसरा पट्टा तयार होतो. दोन्हींत अपस्मार आणि बौद्धिक अक्षमता आढळते.

ग्रहण म्हणजे निव्वळ सावली. तिच्यातून गर्भापर्यंत पोहोचेल असे काहीही निघत नाही. 21 जून 2020 च्या सूर्यग्रहणात इस्लामपूरच्या एका गर्भवतीने अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुढाकाराने भाजी चिरली, खाल्लेप्यायलेही. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हे खरेच. परंतु ग्रहण बाधत असते तर ते न पाळणाऱ्या समाजांत हे विकार उघडपणे अधिक दिसले असते, आणि तसे कुठेही आढळलेले नाही. तासन् तास उपाशी, तहानलेले ठेवल्याने मात्र गर्भवतीला त्रास होतो.

गर्भाला खरोखर बाधणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग, मद्य, आणि तीव्र किरणोत्सर्ग. हिरोशिमा-नागासाकीत आठव्या ते पंधराव्या आठवड्यांतील गर्भांना बौद्धिक अक्षमतेचा धोका सर्वाधिक होता.

आकडी ही बाधा नव्हे. उताऱ्यात दिवस घालवल्याने उपचार लांबतात. दोष लसींनाही देऊ नये: लसींमुळे स्वमग्नता येते हा दावा करणारा 1998 चा लेख ‘लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला, शिवाय बाह्यकाकडचे हे स्थलांतर बहुतांशी जन्माआधीच उरकलेले असते. नात्यातल्या लग्नाचा काहीच संबंध नसतो, हेही खरे नाही: रीलिन जनुकाची सदोष प्रत दोन्ही पालकांकडून आली तर लिसेन्सेफलीचाच एक प्रकार होतो, आणि मामाच्या मुलीशी लग्नाची रीत असलेल्या घरांत ही शक्यता वाढते, म्हणून तेथे पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय समुपदेशन घ्यावे.