देहासह नवे जीवन : ख्रिस्ती श्रद्धेतील पुनरुत्थान

क्रूसावर मरण पावून कबरेत ठेवलेल्या येशूला देवाने तिसऱ्या दिवशी मृतांतून उठवले, या श्रद्धेला ‘पुनरुत्थान’ म्हणतात आणि ख्रिस्ती धर्माची बाकीची तत्त्वे तिच्याच आधारावर उभी आहेत. संत पौलाने इ. स. 53 ते 55च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, ख्रिस्त उठवला गेला नसेल तर प्रेषितांचा उपदेश आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास दोन्ही व्यर्थ ठरतात, असे बजावले आहे. केफा म्हणजे पेत्र, बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू आणि याकोब यांना ख्रिस्ताने दर्शन दिल्याची नोंद त्याच अध्यायात येते. ही साक्ष आपल्याला आधीच्यांकडून मिळाली असे पौल म्हणत असल्याने, बहुतेक अभ्यासक तिचा गाभा शुभवर्तमानांच्या, म्हणजे येशूच्या चार चरित्रग्रंथांच्या, लेखनापूर्वीचा मानतात.

या श्रद्धेची मुळे यहुदी धर्मविचारात आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात चौथा अँटिओकस या राजाने केलेल्या छळात धर्मनिष्ठ माणसे मारली जाऊ लागली, तेव्हा देवाचा न्याय मरणापाशीच थांबतो काय, हा प्रश्न तीव्र झाला आणि दानीएलाच्या ग्रंथाने युगाच्या शेवटी मृत उठतील असे त्याचे उत्तर दिले. येशूच्या काळी परूशी हा पंथ ही अपेक्षा बाळगून होता, तर मंदिराच्या पुरोहितवर्गाशी जोडलेला सदूकी पंथ ती नाकारत होता. युगान्ती सर्वांसाठी अपेक्षित असलेली घटना इतिहासाच्या मध्येच एका व्यक्तीच्या बाबतीत घडली, हा ख्रिस्ती दाव्याचा नवेपणा होता. म्हणूनच पौल ख्रिस्ताला ‘प्रथमफळ’, म्हणजे पुढे येणाऱ्या संपूर्ण पिकाची हमी देणारा पहिला वाटा, असे म्हणतो.

पुनरुत्थान म्हणजे पूर्वीच्या आयुष्यात परतणे नव्हे; येशूने जिवंत केलेल्या लाजाराला पुढे पुन्हा मरण होतेच, पण उठलेल्या ख्रिस्तावर मरणाची सत्ता उरलेली नाही असे मानले जाते. आत्मा देहाच्या बंधनातून सुटून अमर राहतो हा प्लेटोच्या परंपरेतील विचार, किंवा जीव नवा देह धारण करून पुन्हा संसारात येतो ही भारतीय पुनर्जन्माची कल्पना, यांहूनही पुनरुत्थान वेगळे आहे, कारण येथे तीच व्यक्ती देहासह रूपांतरित होते. हे स्पष्ट करण्यासाठी पौल जमिनीत पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो : दाणा आणि रोप यांत सातत्य असते, पण रूप पालटलेले असते.

पुनरुत्थानाचा प्रत्यक्ष क्षण चारही शुभवर्तमानांपैकी एकातही वर्णिलेला नाही. त्यांत येते ती रिकामी कबर आणि नंतरची दर्शने. मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या शतकातील सर्वांत जुन्या पूर्ण प्रती तर भयभीत स्त्रिया कबरेपासून पळून जातात त्या ओळीवरच संपतात. चारही वृत्तान्तांत रिकाम्या कबरेपाशी मरीया मग्दालीया आहे, आणि स्त्रियांच्या साक्षीला कमी मान असलेल्या त्या समाजात हा तपशील कोणी मुद्दाम रचला नसता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. योहानाच्या वृत्तान्तात उठलेला येशू संशयी थोमाला आपल्या जखमा दाखवतो. त्या जखमांमुळे उठलेला आणि क्रूसावर मेलेला एकच आहे हे ठसते. टांगून मारलेला मनुष्य शापित होय, असे नियमशास्त्राचे वचन असल्याने, रोमन सत्तेने दोषी ठरवलेल्या येशूला देवाने उठवले याचा अर्थ देवाने माणसांचा निवाडा फिरवला, असाच पहिल्या शिष्यांनी घेतला.

उपासनेवर याचा खोल ठसा उमटला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणाऱ्या हुतात्मा जस्टिनने रविवारी एकत्र जमण्याची दोन कारणे दिली आहेत : तो सृष्टीच्या निर्मितीचा पहिला दिवस आहे आणि ख्रिस्ताच्या उठण्याचाही. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाऊन नव्या जीवनात चालणे, असे पौल रोमकरांस सांगतो. पूर्वेकडील चर्चच्या चित्रपरंपरेत ख्रिस्त एकटाच कबरेतून बाहेर पडत नाही, तर आदाम आणि हव्वा यांना हाताला धरून वर खेचतो. इस्तंबूलच्या कोरा चर्चमधील चौदाव्या शतकातील भित्तिचित्र याचा उत्कृष्ट नमुना आहे. मराठी वाचकांपर्यंत ही कथा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तून ओवीरूपाने फार पूर्वीच पोचली.

विसाव्या शतकात ईश्वरशास्त्रज्ञ रुडॉल्फ बुल्टमान यांनी पुनरुत्थानाकडे शिष्यांच्या अंतःकरणात जागलेल्या श्रद्धेच्या अंगाने पाहिले, तर वोल्फहार्ट पानेनबर्ग आणि पुढे एन. टी. राइट या अभ्यासकांनी पुनरुत्थान ही इतिहासाच्या कसोटीवर तपासता येण्याजोगी घटना मानली. हा वाद मिटलेला नाही. पण देह, श्रम आणि भौतिक सृष्टी यांना देवाच्या अंतिम योजनेत स्थान आहे, हा पुनरुत्थानाच्या श्रद्धेचा आशय वगळला, तर ख्रिस्ती धर्म केवळ एका थोर गुरूच्या नीतिवचनांपुरता उरेल.