मोटारीचा पडदा आणि खिशातील मोबाईल

विजेचा दिवा कोणत्याही कारखान्याचा असो, तो घरातील होल्डरमध्ये बसतो. दिव्याच्या टोपीचे माप आणि तिच्या खुंट्यांची जागा एकदा ठरवून दिलेली असल्यामुळेच हे शक्य होते. अशा ठरीव मापांना व नियमांना मानके म्हणतात, आणि ती कोणाही उत्पादकास वापरता येत असली म्हणजे ती खुली मानके होत. मोटारीतील पडदा चालकाच्या मोबाईलशी जोडण्यासाठीही असे एक मानक तयार झाले होते. ते सुमारे बारा वर्षांत मावळले. त्याची हकीकत मोटार विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

अडचण मूलतः आयुर्मानाची आहे. आपल्याकडे खाजगी मोटारीची पहिली नोंदणीच पंधरा वर्षांची असते. मोबाईल मात्र चार-पाच वर्षांत जुना होतो. मोटारीत कायमचा बसविलेला नकाशा काही वर्षांनी निरुपयोगी ठरतो, तर मोबाईलमधील नकाशा नित्य ताजा राहतो. त्यातच वाहन चालविताना हातात मोबाईल धरून तो वापरणे हे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या सुधारणेनुसार धोकादायक वाहनचालन समजले जाते. यास्तव मोबाईल बाजूला ठेवून त्याची कामे मोटारीच्या मोठ्या पडद्यावरून करता यावीत, ही गरज खरी आहे.

फिनलंडमधील नोकिया कंपनीने यासाठी 'टर्मिनल मोड' नावाची पद्धत विकसित केली. २०११ मध्ये 'कार कनेक्टिव्हिटी कन्सोर्टियम' हा संघ स्थापन झाला. त्यात डेमलर, जनरल मोटर्स, होंडा, ह्युंदाई, टोयोटा व फोक्सवॅगन हे मोटार उत्पादक, तसेच नोकिया, सॅमसंग व एलजी हे मोबाईल उत्पादक प्रारंभापासून होते. या पद्धतीस 'मिररलिंक' हे नाव मिळाले. मिरर म्हणजे आरसा, आणि नाव अगदी यथार्थ होते. मोबाईलच्या पडद्यावरील चित्र तारेतून मोटारीच्या पडद्यावर जाई, आणि तेथे बोट टेकले की त्या स्पर्शाची वर्दी उलट मोबाईलकडे येई. सर्व विचार मोबाईल करी. मोटार केवळ दाखवी. गाडी चालू असताना कोणते अॅप दाखवावे यावरही बंधन होते. चालकाचे लक्ष विचलित करीत नाही असे तपासणीत सिद्ध झालेले अॅपच तेव्हा उघडे, बाकीची झाकली जात. ही व्यवस्था विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य केले पाहिजे.

मग ती का टिकली नाही? कागदावरील मानकात फारसा दोष नव्हता. ते पाळणारेच अपुरे पडले. अॅपल कंपनीच्या आयफोनने मिररलिंक कधीच स्वीकारले नाही. अँड्रॉइडच्या मूळ प्रणालीत गूगलने ते घातले नाही. ज्या उत्पादकास वाटले त्याने ते आपल्या मोबाईलमध्ये घालावे, अशी स्थिती राहिली. तपासून प्रमाणित झालेली अॅप थोडीच होती, म्हणून ग्राहक थोडे, आणि ग्राहक थोडे म्हणून अॅप थोडी. इतक्यात २०१४ मध्ये अॅपलने 'कारप्ले' आणले व गूगलने 'अँड्रॉइड ऑटो' जाहीर केले. या दोन्हींचे नियम त्या त्या कंपनीच्या हाती आहेत. तरीही बाजार त्यांच्याकडे वळला, कारण मोबाईल अगोदरच लोकांच्या खिशात होते. सॅमसंगने २०२० मध्ये मिररलिंकची सोय बंद केली आणि २०२३ मध्ये संघाने त्याची चाचणी व प्रमाणनही थांबविले.

फोर्ड कंपनीने दुसरा मार्ग धरला होता. २०१३ मध्ये तिने आपल्या जोडणीच्या प्रणालीचा संगणकीय मजकूर सर्वांसाठी खुला केला. 'स्मार्टडिव्हाइसलिंक' या नावाच्या त्या पद्धतीत मोबाईल चित्र पाठवीत नसे. कोणता मजकूर व कोणत्या कळा हव्यात एवढेच कळवी, आणि मोटार ते आपल्या पद्धतीने मांडी. टोयोटाही पुढे या प्रयत्नात सामील झाली. तथापि त्यासाठी प्रत्येक अॅप मुद्दाम जुळवून घ्यावे लागे, आणि बहुतेक अॅपकर्त्यांनी ते श्रम घेतले नाहीत.

याउलट ब्लूटूथ पाहावे. १९९८ मध्ये एरिक्सन, आयबीएम, इंटेल, नोकिया व तोशिबा यांनी त्याचा संघ उभारला. हे मानक जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आले, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मोटारीतही आजच्या मोबाईलवरील बोलणे सहसा ऐकू येते. कारप्ले व अँड्रॉइड ऑटो यांनाही आधार यूएसबी, ब्लूटूथ व वाय-फाय या सामाईक मानकांचाच आहे. वरचा मजला खाजगी असला तरी पाया सामाईक राहिला.

पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवॅगनच्या पोलो, वेंटो व अॅमिओ गाड्यांच्या काही प्रकारांत मिररलिंकची सोय दिलेली होती. अशा गाड्या आता जुन्या बाजारात येतात. माहितीपत्रकात 'स्मार्टफोन जोडणी' असे छापलेले असले, तरी ती कोणत्या पद्धतीची हे विचारावे. आणि व्यवहार ठरविण्यापूर्वी स्वतःचा मोबाईल व तार नेऊन नकाशा, गाणी व दूरध्वनी ही तिन्ही कामे गाडीच्या पडद्यावर चालवून पाहावीत.