न्यूझीलंडमधील जुन्या जमीनदाव्यांची शासकीय चौकशी : कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना :
वसाहतवादाच्या इतिहासात युद्धे आणि तह यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झालेला आहे. त्या मानाने जमिनीच्या व्यवहारांच्या शासकीय चौकशीकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेलेले दिसते. न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश सत्ता स्थापन होण्यापूर्वीच युरोपीय व्यापारी, मिशनरी आणि सट्टेबाज यांनी माओरी लोकांकडून जमिनी घेतल्या होत्या. या व्यवहारांची छाननी करण्यासाठी १८४० नंतर आयोग नेमण्यात आले. माओरींचे फसवणुकीपासून रक्षण करणे हा या चौकशीचा एक घोषित हेतू होता. तो कितपत साध्य झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चौकशीची पार्श्वभूमी :
ब्रिटन न्यूझीलंड ताब्यात घेणार हे स्पष्ट होताच जमीनखरेदीला ऊत आला. १८३९ मध्ये न्यूझीलंड कंपनीचे प्रतिनिधी विल्यम वेकफिल्ड यांनी काही महिन्यांतच सुमारे २ कोटी एकर जमीन खरेदी केल्याचा दावा केला. या प्रकारास आळा घालण्यासाठी न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांनी जानेवारी १८४० मध्ये जाहीरनामा काढला. राजसत्तेने दिलेला किंवा मान्य केलेला हक्कच यापुढे वैध मानला जाईल, असे त्यात म्हटले होते. ६ फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या वैतांगीच्या करारानेही माओरींकडून जमीन खरेदी करण्याचा अग्रहक्क राजसत्तेकडे ठेवला. मात्र याच कराराने माओरींना त्यांच्या जमिनींच्या निर्वेध उपभोगाची हमीही दिली होती, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

आयोगाची कार्यपद्धती :
ऑगस्ट १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने जमीनदाव्यांविषयी कायदा केला. न्यूझीलंड स्वतंत्र वसाहत झाल्यावर १८४१ मध्ये त्याची जागा स्थानिक अध्यादेशाने घेतली. एडवर्ड गॉडफ्रे आणि मॅथ्यू रिचमंड हे आयुक्त म्हणून काम पाहू लागले. कायद्याच्या तांत्रिक बाबींत न अडकता न्याय आणि सद्सद्विवेक यांनुसार निर्णय द्यावा, असे त्यांना सांगण्यात आले होते. खरेदीदाराने खत सादर करावे, दिलेल्या मोबदल्याचा हिशेब द्यावा आणि विक्री करणाऱ्या माओरींनी साक्ष द्यावी, अशी सर्वसाधारण पद्धत होती.

दावेदाराला किती जमीन द्यायची, हे एका कोष्टकावरून ठरे. सर्वांत जुन्या व्यवहारांना एकरी ६ पेन्स, तर १८३९ मधील व्यवहारांना एकरी ४ ते ८ शिलिंग असा दर लावला जाई. मोबदला वस्तुरूपाने दिला असल्यास त्या वस्तूंची किंमत सिडनीतील दराच्या तिप्पट धरली जाई. सामान्यतः एका दावेदारास २,५६० एकरांहून अधिक जमीन मिळू नये, अशी मर्यादाही होती.

या पद्धतीतील उणीव मुळाशीच होती. व्यवहार खरोखर झाला काय आणि मोबदला पोहोचला काय, एवढेच आयोग विचारीत असे. त्या व्यवहाराचा माओरींच्या दृष्टीने अर्थ काय होता, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. माओरी परंपरेत परक्या माणसाला जमीन देणे म्हणजे त्याला समूहात सामावून घेणे होय. त्या जमिनीवरील समूहाचा अधिकार यामुळे संपत नसे. या प्रथेला ‘तुकू फेनुआ’ म्हणतात. शिवाय माओरींचे हित पाहण्यासाठी नेमलेले मुख्य संरक्षक जॉर्ज क्लार्क हे स्वतःच जमिनीचे दावेदार होते.

कंपनीचे दावे आणि विल्यम स्पेन :
न्यूझीलंड कंपनीच्या दाव्यांसाठी विल्यम स्पेन या इंग्लिश वकिलाची स्वतंत्र नेमणूक झाली. १८४२ मध्ये त्यांनी वेलिंग्टन येथे चौकशी सुरू केली. तेथील खरेदीखत इंग्रजीत होते आणि दुभाषी डिकी बॅरेट यांचे माओरी भाषेचे ज्ञान अगदी जुजबी असल्याचे साक्षीपुराव्यातून उघड झाले. ज्या खतावर सह्या झाल्या, त्याचा आशय सही करणाऱ्यांपर्यंत नीट पोहोचलाच नव्हता.

चौकशी पूर्ण होण्याची वाट न पाहता कंपनीने वैराऊ खोऱ्यात मोजणी सुरू केली. माओरी प्रमुख ते राउपराहा आणि ते रांगिहाएता यांनी तिला विरोध केला. त्यांना अटक करण्याच्या प्रयत्नात १७ जून १८४३ रोजी झालेल्या चकमकीत २२ युरोपीय आणि किमान ४ माओरी ठार झाले. वैराऊची जमीन कंपनीने खरेदी केलेलीच नाही, असा निर्णय स्पेन यांनी पुढे दिला.

‘शिल्लक’ जमिनीचा प्रश्न :
या चौकशीचा सर्वांत दूरगामी परिणाम शिल्लक जमिनीच्या रूपाने दिसून येतो. समजा, ५,००० एकरांचा व्यवहार आयोगाने वैध ठरविला आणि दावेदारास २,५६० एकर जमीन दिली, तर उरलेल्या २,४४० एकरांचे काय? माओरींनी ती विकली असल्यामुळे त्यांचा हक्क संपला आणि म्हणून ती राजसत्तेची झाली, अशी सरकारची भूमिका होती. १८५६ च्या कायद्यान्वये फ्रान्सिस डिलन बेल यांनी दाव्यांची फेरतपासणी केली. त्यांनी मूळ हद्दींच्या मोजणीवर भर दिल्याने अशी जमीन निश्चित होऊन सरकारजमा होऊ लागली. सट्टेबाजांवर घातलेल्या मर्यादेचा लाभ मूळ मालकांना न मिळता सरकारला मिळाला.

माओरींनी याविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले. १९४६ मध्ये नेमलेल्या मायर्स आयोगाने नुकसानभरपाईची शिफारस केली. वैतांगी न्यायाधिकरणाने १९९७ च्या मुरिफेनुआ अहवालात हे व्यवहार माओरींच्या दृष्टीने कायमस्वरूपी विक्री नव्हते, असा निष्कर्ष काढला. २०२२ मध्ये उत्तरेकडील ते राकी प्रदेशाविषयीच्या अहवालातही न्यायाधिकरणाने सरकारला दोषी धरले.

निष्कर्ष :
जुन्या जमीनदाव्यांच्या चौकशीने अवाढव्य दावे रोखले, हे मान्य करावे लागते. परंतु ‘विक्री’ ही कल्पनाच गृहीत धरल्यामुळे तिने अनेक सशर्त व्यवहारांना कायमच्या हस्तांतरणाचे स्वरूप दिले. चौकशी करणारे सरकारच तिच्या निकालाचे लाभार्थी होते, ही तिची दुसरी मर्यादा होय. जमिनीच्या व्यवहाराची चौकशी न्याय्य ठरण्यासाठी खताची वैधता तपासणे पुरेसे नसते. देणाऱ्याने नेमके काय दिले, याचा शोध त्याच्याच भाषेतून आणि रूढींतून घ्यावा लागतो, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.